सराव प्रश्न कशासाठी? पेपर ओळखायला की उत्तर बाहेर काढायला?

सेमिस्टरचं वेळापत्रक लागलं की गंगाखेड असो, उदगीर असो की भोकरदन, कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एकच विचारणा सुरू होते: "आयएमपी आलेत का?" दुकानदार तयारीतच असतो. मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका, त्यातून कुणीतरी निवडलेले वीस-पंचवीस प्रश्न आणि बारीक टायपातली त्यांची उत्तरं असा गठ्ठा स्टेपल करून मिळतो. पोरं रात्र-रात्र जागून तो वाचतात. आणि पेपर सुटल्यावर स्टँडवर एसटीची वाट बघताना जे कानावर पडतं तेही दर वर्षी तेच असतं: "वाचलं होतं रे, पण ऐन टायमाला सुचलंच नाही."

नवीन शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं, तेव्हापासून हा घोळ वाढला आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी (व्यावसायिक कौशल्याचा विषय), एसईसी (कौशल्य वाढवणारा विषय) अशी विषयांची यादी लांबत गेली. सेमिस्टर तेवढ्याच महिन्यांचं, पेपर जास्त. साहजिकच 'नेमकं काय येणार' हे ओळखायची घाई वाढली. सराव प्रश्न म्हणजे पेपर ओळखायचं साधन, अशी समजूत त्यातूनच घट्ट झाली.

ही समजूत बदलली तर त्याच झेरॉक्सच्या गठ्ठ्यातून कितीतरी जास्त फायदा निघतो. पुस्तक मिटून उत्तर आठवायचा जो खटाटोप होतो, त्या खटाटोपातच अभ्यास घडतो. तोच प्रश्न पेपरात आला तर बरंच, पण न आल्यानेही ती मेहनत वाया जात नाही. असं का होतं, ते आता बघू.

वाचताना येतं, मग पेपरात जातं कुठं?

एखादं प्रकरण तिसऱ्यांदा वाचताना डोळे सरसर पुढे जातात. पुढच्या ओळीत काय आहे हे आधीच ठाऊक असल्यासारखं वाटतं. 'हे येतंय मला' म्हणून आपण पान उलटतो. खरं तर मजकूर ओळखीचा झालेला असतो, एवढंच. समोर दिसल्यावर ओळखणं आणि समोर काहीच नसताना आठवणं ही दोन निराळी कामं आहेत. पेपरात दुसरं काम करायचं असतं आणि घरी आपण पहिल्याचाच सराव करत बसतो.

आडाचं उदाहरण घ्या. काठावरून वाकून बघितलं की तळाला पाणी चमकताना दिसतं. पण घागर भरायची तर पोहरा सोडावा लागतो. दोर पुरतो का, पोहरा वर येईपर्यंत हिंदकळून अर्धा होतो का, हे सोडल्याशिवाय कळत नाही. पुन्हा पुन्हा वाचणं म्हणजे काठावरून वाकून बघणं. कित्येक विद्यार्थी पोहरा पहिल्यांदा सोडतात तो थेट परीक्षेच्या हॉलमध्ये. शिवाय ज्या आडाचा उपसा चालू असतो त्याचे झरे मोकळे राहतात आणि ज्यातून कुणी पाणी काढत नाही तो गाळाने भरतो, हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. स्मरणशक्तीचंही जवळपास तसंच आहे. एकदा कष्टाने आठवलेली गोष्ट पुढच्या वेळी कमी कष्टात आठवते.

समोर काही न ठेवता डोक्यातून माहिती बाहेर काढण्याला या लेखापुरतं 'आठवण्याचा सराव' म्हणू. एवढा एकच पारिभाषिक शब्द पुरे.

हे कुणी तपासून बघितलंय का?

बघितलंय, आणि बऱ्याच जणांनी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थ नसलेली अक्षरं ते पाठ करत आणि काही काळाने त्यातलं किती उरलं हे मोजत. सगळ्यात मोठी गळती पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात होते, मग तिचा वेग मंदावतो, असं त्यांना दिसलं. परीक्षेच्या महिनाभर आधी एकदा वाचून ठेवलेल्या युनिटचं काय होत असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

आपल्या विषयाशी थेट जोडलेला प्रयोग २००६ सालचा. अमेरिकेत सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रॉडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोघांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना विज्ञानाचे छोटे उतारे वाचायला दिले. एक उतारा सूर्याविषयी होता, एक समुद्री पाणमांजरांविषयी. एक उतारा विद्यार्थ्यांनी दोनदा वाचला. दुसरा एकदाच वाचला आणि मग कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. काय चुकलं, काय राहिलं हे त्यांना कुणी सांगितलंही नाही.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेलं ८१ टक्के आठवलं आणि लिहून काढलेलं ७५ टक्के. म्हणजे वाचनाची सरशी. दोन दिवसांनी घेतली तर आकडे पालटले: वाचनाचे ५४, लिहून काढण्याचे ६८. आठवड्याने ४२ आणि ५६. पुढच्या प्रयोगात एका गटाने उतारा चार वेळा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवला. आठवड्यानंतर पहिल्या गटाला ४० टक्के आठवलं, दुसऱ्याला ६१.

यातला खरा चटका पुढे आहे. तुम्हाला आठवड्यानंतर किती आठवेल असं वाटतं, हे या विद्यार्थ्यांना आधीच विचारलं होतं. सगळ्यात जास्त भरवसा होता चार वेळा वाचणाऱ्यांना. वाचनाने आत्मविश्वास वाढतो आणि टिकाऊपणा वाढत नाही, म्हणून तर ही सवय सुटता सुटत नाही. त्याच विद्यापीठातल्या १७७ विद्यार्थ्यांची एक पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. अभ्यास कसा करता, या प्रश्नावर ८४ टक्के विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा वाचण्याचं नाव घेतलं. न बघता आठवून पाहतो, असं सांगणारे फक्त ११ टक्के निघाले. सेंट लुईसचं पोरगं काय आणि आपल्या सेलूचं काय, सवय एकच.

आणखी एक. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. सराव चाचण्या आणि अंतर ठेवून केलेली उजळणी या दोन पद्धतींना त्यांनी सर्वात वरचा दर्जा दिला. ओळी अधोरेखित करणं आणि पुन्हा वाचणं खालच्या दर्जात गेलं. पिवळ्या हायलायटरने अख्खं पान रंगवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

लातूर पॅटर्नमधलं कोणतं सूत्र कॉलेजात हरवतं?

मराठवाड्याला हे कळायला अमेरिकेपर्यंत जायची तशी गरज नव्हती. बारावी आणि मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नचा कणा म्हणजे सतत चालणाऱ्या चाचण्या. शिकवलं की परीक्षा, परीक्षा झाली की तपासलेला पेपर हातात, चुका दुरुस्त, पुन्हा परीक्षा. या पॅटर्नवर टीका पुष्कळ झाली. पोरांवरचा ताण, क्लासचा खर्च, रँकची जीवघेणी स्पर्धा ही त्यातली कारणं खरी आहेत. पण नक्कल करणाऱ्यांनी बहुतेकदा त्यातले तास आणि फी तेवढी उचलली, आणि गुण नेमका कशाने येत होता याकडे फारसं बघितलं नाही.

आणि गंमत अशी की हीच पोरं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला आली की चाचण्या जवळपास बंद होतात. अंतर्गत मूल्यमापन असतं, पण असाइनमेंट म्हणजे बहुतेक ठिकाणी एकाची वही दहा जणांनी उतरवून काढणं. बारावीपर्यंत दुसरं कुणीतरी प्रश्न विचारत होतं. आता स्वतःच स्वतःला विचारावे लागतात, आणि ते कसं करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं.

जुना पेपर हातात आल्यावर काय करायचं?

बहुतेक जण प्रश्न वाचतात, लगेच खालचं उत्तर वाचतात आणि 'हां, बरोबर' म्हणून पुढच्या प्रश्नावर जातात. हे वाचनच झालं, फक्त प्रश्नोत्तराच्या पोशाखात. तयार उत्तरांच्या गठ्ठ्यातला धोका हाच आहे. प्रश्न वाईट नसतात. उत्तर डोळ्यांपुढे असल्यामुळे आठवायची वेळच येत नाही.

त्यापेक्षा उत्तरांची पानं आधी उचकटून बाजूला ठेवा. एक प्रश्न घ्या आणि कोऱ्या कागदावर सात-आठ मिनिटांत फक्त मुद्दे काढा. आठवत नसलं तरी लगेच पुस्तकाकडे हात नेऊ नका, थोडं अडून बसा. ते अडणं त्रासदायक असतं आणि कामाचंही तेच असतं. मग पुस्तक उघडून लाल पेनाने राहिलेलं आणि चुकलेलं लिहा. दोन दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा, कोऱ्या कागदावर. लाल अक्षरं कमी झाली की नाही हे उघड दिसतं, स्वतःला फसवता येत नाही.

प्रत्येक दीर्घोत्तरी प्रश्नाचं चार पानी उत्तर लिहीत बसायची गरज नाही. तेवढा वेळ कुणाकडेच नसतो आणि त्यातला निम्मा वेळ अक्षर काढण्यात जातो. मुद्द्यांचा सांगाडा पुरतो. मात्र प्रत्येक विषयाची निदान एक प्रश्नपत्रिका तरी घड्याळ लावून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, पूर्ण वेळात लिहावी. पहिल्याच प्रश्नावर पाऊण तास घालवून शेवटचे दोन प्रश्न सोडून येणं, हे न येण्यामुळे होत नाही. अंदाज नसल्यामुळे होतं. या कामासाठी सगळ्यात ताजी प्रश्नपत्रिका आधी न बघता राखून ठेवा.

नव्या अभ्यासक्रमाचे जुने पेपरच नाहीत, मग प्रश्न आणायचे कुठून?

ही अडचण खरी आहे. जुन्या पॅटर्नचे पेपर नव्या पेपरांना पूर्ण लागू पडत नाहीत, आणि काही विषय तर यंदाच पहिल्यांदा शिकवले जातात. अशा वेळी प्रश्न आपणच काढायचे. अभ्यासक्रमाची प्रत घ्या, त्यातल्या प्रत्येक मुद्द्यापुढे 'का', 'कसं', 'फरक काय', 'तसं नसतं तर' हे शब्द लावून बघा.

भूगोलाचं घ्या. 'पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय?' हा पाठांतराचा प्रश्न. दोन ओळींची व्याख्या लिहिली की संपला. आता हा बघा: मराठवाड्यात पावसाने ओढ दिलेली असतानाही पैठणचं जायकवाडी काही वर्षी कसं भरतं? याचं उत्तर द्यायला गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते हे आठवावं लागतं. धरणात येणारं पाणी बरंचसं वर, नाशिक आणि अहिल्यानगरकडे पडलेल्या पावसाचं असतं, हे सुचावं लागतं. मग वरच्या धरणांतून पाणी सोडलं नाही तर काय, हा प्रश्न आपोआप येतो. त्यातून २००५ चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा आणि समन्यायी पाणीवाटपाचा वाद निघतो, म्हणजे आपण राज्यशास्त्राच्या पेपरात शिरलो. एका प्रश्नाने दोन विषयांची उजळणी झाली, आणि तीही आपल्या रोजच्या तहानेच्या प्रश्नावर.

किंवा मातीचं. 'काळ्या मातीचे गुणधर्म लिहा' हे सगळे पाठ करतात. उन्हाळ्यात आपल्या रानात हात जाईल एवढ्या भेगा का पडतात, असं विचारलं तर अनेक जण गडबडतात. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि वाळल्यावर आकसतं, म्हणून भेगा पडतात. याच प्रश्नाला शेपूट जोडा: अशा जमिनीवर बांधलेल्या घराच्या भिंती का तडकतात? उत्तराचं मूळ तेच, पण आता ते नवीन ठिकाणी लावावं लागलं.

इतिहासात १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख मराठवाड्यातल्या पोरांना पाठ करावी लागत नाही, शाळेच्या झेंडावंदनातूनच ती डोक्यात बसलेली असते. पण १५ ऑगस्ट १९४७ पासून तिथपर्यंतच्या तेरा महिन्यांत हैदराबाद संस्थानात काय काय झालं ते क्रमाने सांगा म्हटलं, की मधला काळ कोरा निघतो. नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार, रझाकारांचा वाढत गेलेला उच्छाद, सरहद्दीवरच्या कॅम्पांतून चाललेला लढा आणि १३ सप्टेंबरला सुरू झालेली पोलीस कारवाई, ही साखळी पुस्तक न बघता सांगता आली तर त्या युनिटवरचा कुठलाही प्रश्न अंगावर येत नाही. मग तो स्वामी रामानंद तीर्थांच्या कार्यावर विचारा नाहीतर निजामाच्या धोरणावर.

मोबाइलवरच्या चॅटजीपीटीसारख्या साधनाकडूनही प्रश्न काढून घेता येतात. धडा टाकायचा आणि सांगायचं, यावर दहा प्रश्न दे, उत्तरं देऊ नको. हे चांगलं जमतं. पण उत्तरं तपासायला त्याच्यावर विसंबू नका. ही साधनं चुकीची गोष्टही छातीठोकपणे सांगतात, आणि मराठवाड्याच्या इतिहास-भूगोलासारख्या विषयांत तर जपूनच राहावं. प्रश्न त्याचे, उत्तराची खात्री पुस्तकातून. आणि 'या प्रश्नाचं दहा मार्काचं उत्तर लिहून दे' असं सांगितलं, की तो पुन्हा झेरॉक्सचाच गठ्ठा झाला, फक्त फुकटातला.

"आधी सगळं वाचून तर होऊ द्या, मग प्रश्न सोडवतो की"

ही सगळ्यात नेहमीची हरकत. तिच्यात अर्धं तथ्य आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? विषय एकदाही समजून न घेता नुसते प्रश्न सोडवत सुटलं तर हाती फार काही लागत नाही. अकाउंटमध्ये डेबिट-क्रेडिटच कळलेलं नसेल तर शंभर गणितं सोडवूनही अंधारच. आधी समजून घ्यावं, वर्गात बसावं, सरांना विचारावं.

पण 'सगळं वाचून होऊ दे' हा दिवस कधी उगवत नाही. अभ्यासक्रम संपतो तो परीक्षेच्या तोंडावर, आणि तेव्हा पहिलं युनिट पुसट झालेलं असतं. म्हणून एक मुद्दा वाचला की लगेच दोन-तीन प्रश्न, एवढंच माप ठेवावं. आणखी एक मजेशीर गोष्ट प्रयोगांत दिसली आहे: धडा वाचण्याआधीच त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायचा प्रयत्न केला आणि ती चुकली, तरी नंतर वाचताना तेवढा भाग जास्त पक्का बसतो. प्रश्नामुळे डोळे काय शोधायचं ते शिकतात. तेव्हा युनिट उघडण्याआधी त्यावरचे मागचे प्रश्न एकदा नजरेखालून घातले, मनातल्या मनात अंदाज बांधला, तर तो वेळ फुकट जात नाही.

"चुकीचं उत्तर लिहिलं तर तेच डोक्यात बसेल ना?"

न तपासता सोडून दिलं तर बसू शकतं. विशेषतः बहुपर्यायी प्रश्नांत हा धोका जास्त, कारण तिथे चुकीचे पर्यायही खऱ्यासारखे दिसतात आणि काही दिवसांनी नेमकं कोणतं खरं होतं याचा गोंधळ होतो. २००८ साली अँड्र्यू बटलर आणि रॉडिगर यांनी हेच तपासलं. बरोबर उत्तर नंतर दाखवलं तर चाचणीचा फायदा वाढतो आणि हा धोका घटतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे तपासणं हा सरावाचाच भाग झाला, जमलं तर करायचं असं काम नव्हे.

आपली एखादी चूक अगदी खात्रीने केलेली असेल, तर खरं कळल्यावर ती दुरुस्ती जास्त पक्की बसते. हेही प्रयोगांनी दाखवलंय. 'अरे, मला तर शंभर टक्के वाटत होतं' हा धक्का कामी येतो. त्यामुळे घरी, कुणी बघत नसताना चुकायला लाजू नये.

बहुपर्यायी प्रश्नांची एक युक्ती आहे. पर्याय हाताने झाका, उत्तर स्वतः आठवा, मग हात काढा. ओळखण्याचा प्रश्न तेवढ्याने आठवण्याचा होतो. वर 'बाकीचे तीन का चूक' हेही एकेका वाक्यात सांगून बघा.

गणित, स्टॅटिस्टिक्स, अकाउंट यांचं काय?

तिथे सराव सगळेच करतात, पण गणितं एकगठ्ठा सोडवतात. आज फक्त आदेश पद्धतीची संकलनं, उद्या फक्त खंडशः संकलन. दहावं उदाहरण येईपर्यंत हात आपोआप चालतो आणि सगळं आल्यासारखं वाटतं. मात्र पेपरात गणिताच्या डोक्यावर 'हे अमुक पद्धतीने सोडवा' अशी पाटी नसते. कोणती पद्धत लावायची हे ठरवणं हाच निम्मा प्रश्न असतो, आणि त्याचा सराव झालेलाच नसतो.

डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली याचे आकडे दिले. घनाकृतींचं घनफळ काढायची गणितं एका गटाने प्रकारवार सोडवली, दुसऱ्याने सगळे प्रकार मिसळून. सराव चालू असताना प्रकारवार गट पुढे होता, ८९ टक्के बरोबर. मिसळून सोडवणारे ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा प्रकारवार गट २० टक्क्यांवर घसरला आणि मिसळून सोडवणारा गट ६३ वर राहिला.

म्हणून नवीन प्रकार शिकताना सुरुवातीची चार-पाच गणितं सलग सोडवावीत, त्याला हरकत नाही. नंतर मात्र वेगवेगळ्या प्रकरणांतली गणितं चिठ्ठ्यांवर लिहून, डब्यात टाकून, येईल ती उचलावी. सोडवायला वेळ नसेल तर फक्त 'हे कोणत्या पद्धतीने जाईल आणि का' एवढं जरी सांगितलं तरी मुख्य काम झालं.

"एवढा वेळ आहे कुणाकडं?"

मराठवाड्यात हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बीडकडची कितीतरी घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मागे राहिलेल्या मुलीवर धाकटी भावंडं, म्हातारी आजी, जनावरं आणि वर हिवाळी परीक्षा. कुणी सकाळी दूध घालून एसटीने तालुक्याला येतं, कुणी दुपारनंतर मेडिकलच्या किंवा कपड्याच्या दुकानात कामाला उभं राहतं. यांना 'रोज सहा तास बसा' हा सल्ला देणाऱ्याने एकदा त्यांच्या घरी जाऊन बघावं.

आठवण्याचा सराव अशांच्या जास्त कामाचा आहे, कारण त्याला टेबल, दिवा, पुस्तक यांपैकी काही लागत नाही. एसटीत खिडकीला टेकून कालच्या तासाचे पाच मुद्दे आठवता येतात. लाइट गेली तर अंधारात बहिणीला सांगता येतं, "मला विचार, मूलभूत हक्क किती आणि कोणते?" ती नववीत असली तरी वही धरून विचारू शकते. भाकरी थापताना, पाणी भरताना एका प्रश्नाचं उत्तर मनात जुळवता येतं. अडलेला मुद्दा तेवढा रात्री पुस्तकात बघायचा. सलग दोन तास मिळत नसतील तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात. उलट अशी विखुरलेली उजळणी सलग बैठकीपेक्षा जास्त टिकते.

वहीचंही फार सोंग नको. पानाच्या डाव्या बाजूला प्रश्न, उजवीकडे तारखा. न बघता आला तर बरोबरची खूण, नाही आला तर फुली. फुली आली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. खूण आली की आठवड्याने, मग महिन्याने. काय वाचायचं हे दर वेळी नव्याने ठरवत बसावं लागत नाही, वहीच सांगते.

होस्टेलवर किंवा मेसला चार जण असतील तर आणखी सोपं. पण ग्रुप स्टडीच्या नावाखाली एक जण वाचतो आणि बाकीचे माना डोलावतात, तो प्रकार टाळावा. एकाने फक्त विचारायचं, दुसऱ्याने पुस्तक न बघता सांगायचं, मग पाळी बदलायची.

इंग्रजीत पेपर असेल तर?

मराठी माध्यमातून बारावी करून बी.एस्सी.ला आलेल्यांची ही मोठी गोची. विषय कळलेला असतो, वाक्य सुचत नाही. म्हणून इंग्रजी परिच्छेद जसाच्या तसा घोकला जातो आणि मधला एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. माझं मत असं की पहिली फेरी बिनधास्त मराठीत करावी, घरातल्या बोलीत केली तरी चालेल. 'का' आणि 'कसं' हे स्वतःच्या भाषेत सांगता आलं म्हणजे कळलं. दुसऱ्या फेरीत फक्त पारिभाषिक शब्द इंग्रजीत, न बघता, स्पेलिंगसकट. तिसऱ्या फेरीत पूर्ण उत्तर इंग्रजीत, छोट्या-छोट्या वाक्यांत. पहिली फेरी गाळून तिसरीवर उडी मारली की घोकंपट्टीशिवाय हाती काही राहत नाही.

"पण पाठ करून पास होणारे आहेतच की!"

आहेत, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पेपर काही तासांवर असेल, प्रश्न ठरीव असतील, तर रात्रभर रट्टा मारून चाळीस मार्क निघतात. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत वाचणारेच पुढे होते, हे वरच्या आकड्यांत दिसलंच. अडचण पुढे येते. दुसऱ्या सेमिस्टरचा अर्धा विषय पहिल्यावर उभा असतो आणि पहिला तोवर कोरा झालेला असतो. एटीकेटीचा पेपर सहा महिन्यांनी द्यायचा तर सगळं मुळापासून. पुढे एमपीएससी, सेट-नेट, बी.एड. सीईटी, बँकेची परीक्षा असं काही मनात असेल तर त्याच पदवीचा अभ्यास पुन्हा पहिल्या पानापासून काढावा लागतो, तोही पुण्यात खोली भाड्याने घेऊन.

प्राध्यापकांनाही एक सांगणं आहे. तासाची पहिली पाच मिनिटं मागच्या तासावरचे तीन प्रश्न विचारावेत, वही मिटून, मार्क न देता. मार्क आले की कॉपी येते आणि भीती येते. हजेरी घेण्यात तेवढा वेळ जातोच.

आदल्या रात्री काय?

नवीन युनिट उघडू नका. वहीतले फक्त फुलीचे प्रश्न घ्या, एकदा न बघता, एकदा बघून. आयएमपीचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री अकराला येईलच. तो उघडायचाच असेल तर त्यातल्या प्रश्नांची उत्तरं आठवून बघा आणि खाली चिकटवलेली पीडीएफ तशीच राहू द्या. मग झोपा. सकाळी एसटीत बसल्यावर परत दोन-चार प्रश्न विचारता येतील, शेजारच्या सीटवरच्याला विचारले तरी चालतील, त्यालाही त्याच पेपरला जायचं असेल.